सायबर सुरक्षेच्या नियमांत न बसणाऱ्या माणसांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटाच्या बैठकीत, ज्येष्ठ नागरिक संघात, रेशन दुकानाच्या रांगेत आणि सायबर पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न पैशांचे आहेत, काही धोरणाचे. प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेलेच येतात, म्हणून वेगळे केलेले नाहीत.

सायबर चोर काय जात, लिंग, गाव बघून येतो का? यात समतेचा प्रश्न आला कुठून?

चोराचं तूर्तास बाजूला ठेवू, नियमाकडे बघू. सुरक्षेचा कुठलाही नियम एक माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिला जातो. आपल्याकडच्या नियमांतला माणूस साधारण असा आहे: त्याचा स्वतःचा स्मार्टफोन आहे, त्यात रिचार्ज संपत नाही, आधारला तोच नंबर जोडलेला आहे, त्याला इंग्रजी निदान लावून तरी वाचता येतं, बोटांचे ठसे शाबूत आहेत, नजर चांगली आहे आणि फोन घेऊन त्याला एकटं बसता येतं. हिंजवडीच्या कंपनीतला इंजिनिअर यात बसतो. सहा महिने कारखान्याच्या तळावर राहणारी ऊसतोड कामगार बाई बसत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया देशात ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. महाराष्ट्रात स्त्रिया सुमारे ३८ आणि पुरुष सुमारे ६१ टक्के. आकडे तेव्हापासून वाढले असतील. पण योजना, रेशन, पेन्शन, मजुरी हे सगळं ऑनलाइन न्यायचे निर्णय याच काळात झाले आणि ते सगळ्यांना सारखेच लागू झाले.

हा शेवटी डिजिटल साक्षरतेचा प्रश्न आहे ना? लोकांना शिकवलं की झालं.

शिकवायला हवंच. पण २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. आदल्या वर्षी हाच आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता. 'डिजिटल अरेस्ट'ला, म्हणजे बनावट पोलीस व्हिडिओ कॉलवर धाक दाखवून पैसे उकळतात त्या प्रकाराला, बळी पडलेल्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक आहेत. ही माणसं अडाणी नाहीत. फरक पडतो तो नंतर. प्राध्यापकाचा भाचा वकील असतो, बँकेत ओळख निघते, दुसऱ्या दिवशी तक्रार टाइप होऊन जाते. ज्याचे १२,००० गेले आणि ज्याच्याजवळ तेवढेच होते, त्याला तालुक्याला जायचं तर रोज बुडवावा लागतो. शिवाय रक्कम लहान, म्हणून तपासातही तो मागेच राहतो.

आणखी एक. आपण लोकांना सांगतो, ओटीपी कोणालाही सांगू नका. त्याच आठवड्यात गॅस सिलिंडर आणणारा दारात उभा राहून मेसेजमधला कोड मागतो, पार्सलवाला मागतो, सेवा केंद्रावरचा ऑपरेटर ई-केवायसीसाठी मागतो. आकडा तोच, मागणारा अनोळखीच. यातला कुठला सांगायचा आणि कुठला नाही, हे ओळखायचं काम आपण सगळ्यात कमी वाचता येणाऱ्या माणसावर टाकलं आहे. याला साक्षरतेचा अभाव म्हणणं मला तरी सोयीस्कर वाटतं.

अंगठा लावला, केंद्रवाला म्हणाला सर्व्हर डाऊन आहे, आणि खात्यातून पैसे गेले. हे होतं कसं?

हे सविस्तर समजून घ्या, कारण गावात सगळ्यात जास्त हेच होतं. आधारवर चालणाऱ्या या पैसे काढण्याच्या सोयीला एईपीएस म्हणतात. तिला कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपीही लागत नाही. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढं पुरतं. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत निघतात. खात्याला आधार जोडलं की बहुतेक वेळा ही सोय आपोआप चालू होते. तुम्हाला कोणी विचारलेलं नसतं.

आता केंद्रावर काय घडतं ते बघा. आजी बोट ठेवते. यंत्राचा छोटा पडदा ऑपरेटरच्या बाजूला असतो. व्यवहार होतो, पण तो म्हणतो, "झालं नाही, परत लावा." आजी बोट पदराला पुसून परत लावते. पहिल्या वेळचे २,००० त्याच्या खिशात, दुसऱ्या वेळचे आजीच्या हातात. पावती देत नाही, कागद संपलेला असतो. आजीचा फोन नसतो, किंवा खात्याला जोडलेला नंबर नातवाचा असतो आणि नातू पुण्याला असतो. पासबुक भरून घेईपर्यंत दोन महिने गेलेले असतात.

सगळेच ऑपरेटर असे नसतात हेही म्हटलं पाहिजे. कित्येक गावांत बँक मित्र, म्हणजे बँकेने नेमलेला प्रतिनिधी, नसता तर बँकच नसती.

दुसरा प्रकार ठशांच्या नकलेचा. जमिनीच्या खरेदीखतांवर अंगठे आणि आधार क्रमांक असत आणि ते दस्त ऑनलाइन दिसत. त्यावरून सिलिकॉनचे ठसे बनवून पैसे काढल्याचे गुन्हे हैदराबाद, कर्नाटक, हरियाणात नोंदले गेले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. २०२३ पासून आधार प्राधिकरणाने बोट जिवंत आहे का हे तपासणारी पद्धत आणली. एईपीएस चालवणाऱ्या ऑपरेटरांची नीट छाननी करा, तीन महिने बंद असलेल्यांची पुन्हा तपासणी करा, असं रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये बँकांना सांगितलं. ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झालं.

तुम्ही करण्यासारखं: दर वेळी पावती मागा, नाही दिली तर बोट ठेवू नका. एईपीएस लागत नसेल तर बँकेत लेखी अर्ज देऊन बंद करायला सांगा. आधारच्या अधिकृत अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं, म्हणजे ठशांचा वापर बंद करता येतो.

लॉक केलं, तर रेशनला अंगठा लागेल का?

नाही लागणार. रेशनचं यंत्रही तेच बायोमेट्रिक तपासतं. म्हणजे दर महिन्याला दुकानात जाण्यापूर्वी लॉक उघडायचं, परत आल्यावर लावायचं आणि त्यासाठी आधारला जोडलेला चालू मोबाइल हवा. ज्याच्याकडे असा मोबाइल आणि तो वापरायची सवय आहे, त्याचे पैसे एईपीएसमधून सहसा जात नाहीत. ज्याचे जातात त्याला लॉक लावता येत नाही. हे गणित धोरण ठरवणाऱ्यांनी एकदा कोरड्या डोळ्यांनी बघावं. कार्डावर घरातल्या दुसऱ्या कोणाचं आधार जोडलेलं असेल, तर त्याच्या अंगठ्यावर रेशन घेता येतं. तोपर्यंत आजीचं लॉक राहू द्या.

आईचे ठसेच उठत नाहीत. दुकानदार रेशन नाकारू शकतो का?

नाही. कापूस वेचून, भांडी घासून, वीटभट्टीवर काम करून बोटांच्या रेषा झिजतात. वय झालं की त्या तशाही पुसट होतात. मशिनला हे 'जुळत नाही' एवढंच कळतं. २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात आधार न जोडल्यामुळे रेशन बंद झालेल्या घरातल्या ११ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि देशभर गदारोळ उठला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढलं: ओळख पटली नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, पर्यायी पद्धतीने द्यायचं आणि त्याची नोंद ठेवायची. सर्वोच्च न्यायालयानेही २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात, यंत्र चुकलं म्हणून हक्काचा लाभ नाकारला जाऊ नये, हे नोंदवलं.

दुकानदार तरीही 'वरून बंद आहे' म्हणाला, तर 'नाकारल्याचं लिहून द्या' म्हणा. बहुतेकदा तो लिहून देत नाही आणि धान्य देतो. नाहीच दिलं, तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. अन्नसुरक्षा कायद्यात जिल्हा पातळीवर तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो.

ओटीपी मीच सांगितला होता. मग बँक काहीच देणं लागत नाही का?

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने यासाठी चौकट घालून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, मग तुम्ही कळवलं असो वा नसो. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुठल्या यंत्रणेची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरी शून्य. बँकेचा मेसेज आल्याचा दिवस यात धरत नाहीत. चार ते सात दिवस लागले तर तुमच्यावर मर्यादित भार पडतो: मूलभूत बचत खात्याला जास्तीत जास्त ५,००० आणि साध्या बचत खात्याला १०,०००. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. ग्राहकाला चूक नाही हे सिद्ध करत बसायचं नाही. ही ओळ पाठ करून शाखेत जा.

ओटीपी सांगणं मात्र निष्काळजीपणात धरतात. तरीही दोन गोष्टी उरतात. तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं; म्हणून आधी बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग रडणं. दुसरं, तुम्ही ओटीपी कोणत्या परिस्थितीत सांगितला ते तक्रारीत लिहा: वाचता येत नव्हतं, मेसेज इंग्रजीत होता, सांगणारा बँकेचाच प्रतिनिधी म्हणून ओळखीचा होता. बँका याला किंमत देत नाहीत, पण बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे गेल्यावर कागदावर जे आहे तेच चालतं. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, साध्या टपालानेही. माहितीसाठी १४४४८.

माझं मत विचाराल तर या चौकटीतलं सगळ्यात मोठं भोक मोजणीचं आहे. तीन दिवस मेसेज मिळाल्यापासून मोजतात. ज्या बाईच्या खात्याला एजंटाचाच मोबाइल नंबर जोडलेला आहे, तिला मेसेज मिळाला असं कागदोपत्री दिसतं. वाचला एजंटाने.

आता अंगठ्याऐवजी चेहरा आणला आहे. मग अडचण संपली ना?

अडचणीची जागा बदलली. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर अॅपमध्ये १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. सेविकेने गरोदर बाईचा फोटो काढायचा, तो आधारच्या फोटोशी जुळायचा, त्याआधी ओटीपीवर केवायसी झालेली असायची. वाडीवर रेंज नाही, नंबर नवऱ्याचा, नवरा बांधकामावर नाशिकला. बाई अंगणवाडीसमोर उन्हात उभी आहे, आणि सेविका तिला वर्षानुवर्षं ओळखते. पण ओळखायचा अधिकार आता तिच्याकडे नाही, फोनकडे आहे.

आणि फोन कसले? २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल तापतात, अडकतात, अॅप पेलत नाहीत म्हणून ढिगाने परत केले होते. अॅप इंग्रजीत असल्याचीही तक्रार त्यात होती. ही नव्या तंत्रज्ञानाच्या धोरणावरची पहिल्या दर्जाची टीका होती.

चेहरा वाचणारी संगणकप्रणाली सगळ्यांना सारखं बघते, हाही समज आहे. अमेरिकेत जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारी मानक संस्थेने, एनआयएसटीने, १८९ प्रणाली तपासून वंश, लिंग, वय यांनुसार फरक पडतो हे दाखवलं. आपल्याकडे कडक उन्हात, स्वस्त कॅमेऱ्यावर, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईच्या बाबतीत चूक किती होते, हे योजना सक्तीची करण्यापूर्वी तपासून जाहीर व्हायला हवं.

लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा ओटीपी का मागत होते?

कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे की नाही हे पडताळण्यासाठी. हेतू समजण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ही केवायसी सक्तीची झाली. पण विधवा, सोडून दिलेल्या, वडीलही नसलेल्या बायकांनी कोणाचा आधार टाकायचा? फॉर्ममध्ये त्या जागी काहीच बसत नव्हतं. ओरड झाल्यावर वाट काढली गेली: स्वतःची केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबर झाली. ज्यांना नवऱ्याने नुसतंच टाकलं आहे, कोर्टाचा कागद नाही, त्यांचं गाडं तरीही अडतच राहिलं.

सुरक्षेची बाजू अशी, की मुदतीची घाई आणि फॉर्मचा गोंधळ दिसला की बनावट संकेतस्थळं उगवतात. याही वेळी उगवली, आणि मंत्र्यांना अधिकृत संकेतस्थळच वापरा म्हणून सांगावं लागलं. किचकट फॉर्म हाच ठगांचा माल असतो, एवढं फॉर्म बनवणाऱ्याला कळलं पाहिजे.

व्हिडिओ केवायसीत डोळे मिचकवा म्हणतात. अंध माणसाने काय करायचं?

नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन याचिकाकर्ते यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ ला निकाल आला. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि २० निर्देश दिले. जिवंतपणा तपासायला डोळे मिचकावण्याशिवाय दुसरे मार्ग ठेवा, अंगठ्याचा ठसा सही म्हणून धरा, प्रणाली सुगम आहेत का याची नियमित तपासणी करा, असा त्यांचा रोख आहे. बँकेत अडवलं तर 'प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार' हे नाव लिहून अर्ज द्या.

वाकडीतिकडी अक्षरं ओळखा म्हणणारे कॅप्चा, ३० सेकंदांत टाकायचा ओटीपी, स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला न दिसणारं 'सबमिट' बटण, या सगळ्याला तोच निकाल लागू पडायला हवा. यंत्रमानव रोखायला लावलेला कॅप्चा हल्ली यंत्राला पटकन सुटतो. अडतो तो माणूसच.

घरात फोन एकच आहे आणि पासवर्ड नवऱ्याला माहीत आहे. हाही सायबर सुरक्षेचा विषय आहे का?

आहे, आणि दुर्लक्षित आहे. सुरक्षेची पुस्तकं हल्लेखोर बाहेरचा धरतात. कित्येक बायकांच्या बाबतीत तो घरातलाच असतो. त्याला हॅकिंग करावं लागत नाही, झोपलेल्या बाईचं बोट फोनला लावलं की झालं. 'विश्वासातला नंबर टाका', 'घरच्यांना लोकेशन पाठवा' या सोयी अशा घरात उलट्या फिरतात.

अशा बाईला 'पासवर्ड बदला' एवढा सल्ला देऊन पाठवू नका. बदलला की त्याला कळतं आणि मार बसतो. आधी तिच्यासाठी सुरक्षित असा दुसरा फोन शोधा: बहिणीचा, मैत्रिणीचा, संस्थेचा. पुरावे तिथे ठेवा. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याला फोनवरच्या पाळतीबद्दलही सांगता येतं. सांगावंच.

फोटो मॉर्फ करून टाकले आहेत. पोलिसांकडे जायला लाज वाटते.

लाज त्यांनी वाटून घ्यावी ज्यांनी टाकले. आधी स्क्रीनशॉट, लिंक, तारीख-वेळ जपून ठेवा. मग ज्या साइटवर किंवा अॅपवर टाकले, थेट त्या कंपनीकडे तक्रार करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत नग्न किंवा मॉर्फ केलेल्या चित्रांबाबत पीडित व्यक्तीच्या तक्रारीवर २४ तासांत कारवाईचं बंधन आलं, आणि पुढे ही मुदत आणखी आवळली गेली. स्टॉप एनसीआयआय नावाची एक मोफत सोय आहे: तुमचा फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, त्यापासून तयार झालेला सांकेतिक आकडा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तोच फोटो कोणी चढवला तर तो अडवता येतो. ती १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे; १८ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी टेक इट डाऊन ही तशीच सोय आहे.

पोलीस ठाण्यातला एक अडथळा ठाऊक असू द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. ग्रामीण भागात कित्येक ठाण्यांचा प्रमुखच सहायक निरीक्षक असतो. म्हणून 'जिल्ह्याला जा' ऐकावं लागतं. तरी तक्रार तिथेच लिहून घ्यायला लावा. पुढे पाठवायचं काम त्यांचं.

जात-धर्म बघून केलेला छळ वेगळा असतो हेही ध्यानात ठेवा. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या नावांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो खोट्या 'लिलावा'ला लावले गेले. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. 'बुल्ली बाई' प्रकरणात मुंबई सायबर पोलिसांनी चारेक दिवसांत अटका सुरू केल्या. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. ऑनलाइन जातीवाचक शिवीगाळीला अॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे.

नव्या डेटा कायद्यात माझ्या भाषेत माहिती मिळेल का?

मराठीत मिळायला हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत बघण्याचा पर्याय द्यावा लागतो. कोकणीही त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

पण नंदुरबारमधल्या भिल्ल बाईने काय करायचं? २०११ च्या जनगणनेत भिली मातृभाषा सांगणारे १ कोटी ४ लाख आहेत, गोंडी सांगणारे जवळपास ३० लाख. दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीत नाहीत. संस्कृत आहे, ती मातृभाषा सांगणारे २४,८२१ होते. संस्कृतशी माझं भांडण नाही. यादी दुसऱ्याच कामासाठी केलेली होती आणि ती उचलून इथे चिकटवली, एवढंच. मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीत गोंडीत आवाजी सूचना करून देणं तंत्राच्या दृष्टीने अवघड राहिलेलं नाही.

या कायद्यात तक्रार केली तर मलाच दंड होतो म्हणे?

खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर १०,००० रुपयांपर्यंत, अशी तरतूद आहे. कंपन्यांच्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींपर्यंत जाते, म्हणून समतोल वाटतो. पण कंपनीकडे वकील असतो. मजुराला '१०,००० दंड' एवढं ऐकू आलं की तो तक्रारच करत नाही. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं. वैयक्तिक माहिती व्यापक जनहितासाठी देण्याची त्यातली सोय काढली. कलम ८(२) मधला जनहिताचा सर्वसाधारण मार्ग शिल्लक आहे, तो अर्जात नमूद करत चला. घरकुलाच्या यादीत कोणाची नावं घुसवली हे माहिती अधिकाराच्याच वाटेने बाहेर यायचं.

भाजीच्या गाडीवर यूपीआयने ३०० रुपये आले आणि सगळं खातं गोठलं. का?

कोणाचे तरी लुबाडलेले पैसे हातोहात फिरत तुमच्याकडे आले. १९३० वर तक्रार झाली की साखळीतल्या खात्यांवर रोक लागते. वेळेत रोखलं तरच पैसे परत मिळतात, म्हणून यंत्रणा तशी योग्यच आहे. चूक होते ती ३०० साठी ४०,००० अडकवण्यात. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये संशयित रकमेपुरतीच रोक ठेवा असं सांगितलं. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि कुठल्या राज्याच्या पोलिसांनी रोक लावली ते लेखी घ्या, आणि वादातली रक्कम सोडून बाकी खातं मोकळं करायचा अर्ज दोघांनाही पाठवा. परराज्यात जायला सांगितलं तर लगेच गाडी धरू नका. ईमेल आणि स्पीड पोस्टने कागद पाठवता येतात.

आमची पतसंस्था लहान आहे. मोठ्या बँकांसारखी सुरक्षा कुठून आणणार?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बरेच २८ देशांतल्या एटीएममधून. शतकभर जुन्या मोठ्या सहकारी बँकेची ही गत. पुढच्या वर्षाअखेरीस रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी चार पायऱ्यांची चौकट आणली: जेवढी डिजिटल सेवा, तेवढी बंधनं. हा विचार मला पटतो. उलट सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २०२२ चा आदेश घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायला सांगतो, आणि तो लहान-मोठ्या सगळ्यांना सारखा आहे. जिथे मॅनेजर, कॅशियर आणि संगणकवाला एकच माणूस, तिथे सहा तासांत सेवा सुरू करायची की अहवाल लिहायचा? उपाय साधा आहे: जिल्हा पातळीवर संस्थांनी मिळून एक जाणकार माणूस नेमावा, खर्च वाटून घ्यावा.

नव्या नियमांच्या मसुद्यावर आमच्यासारख्यांनी हरकत नोंदवावी का? कोण वाचतं?

नोंदवावी. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. डेटा नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला, मुदत आधी १८ फेब्रुवारी होती, मग ५ मार्चपर्यंत वाढली. मतं मागवली संकेतस्थळावरून. भाषेचा आग्रह धरला तर फरक पडतो, हे २०२० मध्ये दिसलं. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नियमांच्या मसुद्याचं २२ भाषांत भाषांतर करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला होता.

हरकत एका पानात लिहा. वर नियमाचा क्रमांक, मग तुमच्या गावात, वस्तीत, केंद्रावर काय होतं ते चार ओळींत, शेवटी कुठला शब्द बदलून काय हवा ते. मराठीतच लिहा. बचत गटाचा किंवा ग्रामसभेचा ठराव असेल तर जोडा. संकेतस्थळावर टाकलीत तरी एक प्रत स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. मुदत संपल्यावर महिन्याभराने १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा आणि एकूण किती हरकती आल्या, त्यांतल्या मराठीत किती आणि टपालाने किती, एवढंच विचारा. केंद्र सरकारकडचा हा अर्जही मराठीत चालतो.